विचारा बाईंना : आश्विनात चिमुकल्या हातांना काय काम द्यायचं?

दसऱ्याची सुट्टी जवळ आली की बेळगाव, खानापूर, निपाणी, गोकाककडून येणाऱ्या पत्रांचा विषय ठरलेला असतो. मूल दीड-दोन-तीन वर्षांचं, घरात सणाची धांदल, आणि याला गुंतवायचं कशात? या वेळी अशी काही पत्रं घेतली आहेत. लांब पत्रं थोडी आटोपती केली आहेत, मुद्दा तोच ठेवला आहे.

प्रश्न : बाई, आम्ही बेळगावात टिळकवाडीला तिसऱ्या मजल्यावर राहतो. मुलगी अडीच वर्षांची आहे. लहान मुलांसाठी शरद ऋतूतल्या हस्तकला म्हणून मोबाईलवर शोधलं की लाल-केशरी पानं आणि मोठाले भोपळेच दिसतात. आमच्या रस्त्यावर आंबा, अशोक, नारळ, सगळं हिरवंगार. शेवटी केशरी कागद आणून मी पानं कापून दिली. चिकटवायच्या आधीच तिनं सगळी चुरगळून टाकली. आपल्याकडच्या शरदात करण्यासारखं काही आहे का?

उत्तर : भरपूर आहे, आणि त्याला कागद लागत नाही. ती लाल पानं थंड मुलखातली. तिथं दिवस लहान होऊन गारठा पडायला लागला की झाडं पानं टाकतात. आपल्या जांबोटी-खानापूरच्या रानातला सागही पानं टाकतो, पण जमिनीतलं पाणी कमी पडायला लागल्यावर, म्हणजे संक्रांतीच्या पुढे. आश्विनात मुळाशी ओल भरपूर असते, झाडं हिरवी असणारच. आपला शरद बघायचा तर जमिनीजवळ बघावा लागतो. सकाळी गवतावर दव असतं, गवताला तुरे आलेले असतात, कोळ्याची जाळी पाण्यानं जड झालेली असतात, चतुर घिरट्या घालत असतात आणि प्राजक्ताखाली सडा पडलेला असतो. हे सगळं अडीच वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांच्या उंचीला आहे.

प्राजक्तापासूनच सुरुवात करा. टिळकवाडी, हिंदवाडी, शहापुरातल्या जुन्या घरांच्या आवारात अजून प्राजक्त आहेत. कुणाचं झाड माहीत असेल तर विचारून ठेवा आणि सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत, जा. हे फूल रात्री उमलतं आणि उजाडता उजाडता आपोआप गळतं. खाली पडलेलं असूनही देवाला चालतं. म्हणजे फांदी ओढायची नाही, तोडायचं नाही, फक्त वेचायचं. लहान मुलासाठी याच्याइतकं सोयीचं झाड मला दुसरं माहीत नाही.

वेचताना एक गोष्ट नीट बघा. पहिल्यांदा ती मूठच भरते. पाकळ्या चिरडतात, मातीही मुठीत येते. “असं नको, तसं कर” म्हणू नका. तुम्ही तिच्या शेजारी उकिडव्या बसा आणि तिला दिसेल असं, सावकाश, एकेक फूल देठाला अंगठा आणि तर्जनी लावून उचला आणि परडीत टाका. बोलू नका. थोड्या वेळानं तिची बोटं तुमच्या बोटांकडे बघून चिमूट करायला लागतात. पुढे बटण लावायला, पेन्सिल धरायला हीच चिमूट लागणार आहे.

घरी आल्यावर निम्मी फुलं देवाला आणि निम्मी ताटात. आता पांढऱ्या पाकळ्या वेगळ्या आणि केशरी देठ वेगळे करायचे. पाकळ्यांचं चक्र एका हातात आणि देठ दुसऱ्या हातात धरून ओढलं की देठ सुटतो. काही देठांना पाकळी चिकटून राहील, राहू दे. वाटीभर देठ जमले की त्यावर वाटीभर कोमट पाणी ओता, तिचा हात बुडेल इतकंच कोमट. तिला चमच्यानं ढवळू दे. पाणी आधी फिकट पिवळं होतं आणि मग केशर घातलेल्या दुधासारखं दिसायला लागतं. जुन्या धोतराचा किंवा पंच्याचा पांढरा सुती तुकडा त्यात बुडवायचा, थोडा वेळ ठेवायचा, पिळायचा आणि गॅलरीत सावलीला वाळत घालायचा. पिळणं तिचं, चिमटा लावणंही तिचंच. रंग पक्का नसतो, उन्हात आणि धुण्यात उडतो. नवरात्र संपेपर्यंत तो तुकडा निरांजनाच्या ताटलीखाली घातला की झालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा फुलं असतातच.

तुमच्या मुलीनं कागदी पानं चुरगळली याचं वाईट वाटून घेऊ नका. ती पानं तुम्ही आखली, तुम्ही कापली, चिकटवणारही तुम्हीच होता. तिला करण्यासारखं उरलं होतं ते तिनं केलं. या वयात मुलांना घरातली मोठी माणसं जे काम करतात तेच काम हवं असतं, आणि ते खरं हवं असतं. बालवाडीत मी हे इतक्या मुलांमध्ये पाहिलं आहे की आता याबद्दल मनात शंका नाही. प्लॅस्टिकचं खोटं लाटणं दोन दिवसांत पलंगाखाली जातं. आणि खऱ्या लाटण्यासाठी मूल रडतं.

म्हणून सणाच्याच कामांतलं एकेक काम तिच्या हाताएवढं करून द्या. घट बसवत असाल तर माती चाळणं आणि धान्य पसरणं तिला द्या, रोज सकाळी हाताच्या ओंजळीनं पाणी शिंपडणंही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोंब वर येतात. घट सावलीत असल्यामुळे ते पिवळसर राहतात, कारण हिरवा रंग यायला ऊन लागतं. त्यातलंच थोडं धान्य दुसऱ्या एका पणतीत पेरून गॅलरीत उन्हाला ठेवा, म्हणजे दसऱ्याला तिला पिवळं आणि हिरवं शेजारी शेजारी दिसेल. त्यातले चार कोंब वेणीत खोवून सोनं द्यायला न्या.

खंडेनवमीला तिची स्वतःची एखादी वस्तू पूजेत ठेवा, छोटा केरसुणीचा झाडू, वाटी, चमचा, जे काही ती रोज वापरते ते. आदल्या दिवशी ओल्या फडक्यानं पुसायला लावा. आपट्याची दोन-तीन पानंच घ्या, फांद्या नकोत. दोन पाकळ्यांचं ते पान कणकेच्या चपट्या गोळ्यावर तळव्यानं दाबलं की शिरांसकट ठसा उठतो. पान उचलून खालचा ठसा बघताना तिचा चेहरा तुम्ही नक्की बघा.

प्रश्न : बाई, मी आज्जी आहे. खानापूर तालुक्यात आमचं शेत आहे. सून कामाला जाते, नातू माझ्याजवळ असतो. वीस महिन्यांचा आहे. आता घरात भुईमुगाच्या शेंगा आणि रताळी दोन्ही काढून पडल्या आहेत. मी कामाला बसले की हा अंगावर चढतो. “मी करतो, मी करतो” म्हणूलालाय दिवसभर. याला सांभाळू की काम करू?

उत्तर : आज्जी, तुमच्या नातवाला सांभाळायचीच गरज नाही, त्याला कामाला लावा. फ्लॅटमधल्या आया ज्यासाठी पैसे मोजतात ते तुमच्या पडवीत ढिगानं पडलं आहे.

आधी शेंगांचं, कारण त्यात धोका आहे. उपटलेल्या वेलाच्या शेंगा तोडायला वीस महिन्यांच्या मुलाला छान जमतं. वेल तुम्ही धरा, शेंग तो ओढेल. भुईमुगाच्या आऱ्या, म्हणजे फुलाखालून निघणारे देठ, जमिनीत शिरून शेंगा मातीत धरतात, म्हणून एखादा वेल मातीतून त्याच्यासमोरच उपटा. खालून शेंगांचा झुपका बाहेर येतो तेव्हा मुलं किंचाळतात. तोडलेल्या शेंगा बुट्टीत टाकायच्या, बुट्टी भरली की ओतायची आणि पुन्हा भरायची. या वयात भरण्या-ओतण्याचा कंटाळा कसा तो येत नाही.

पण शेंग फोडली की आतला दाणा त्याच्या हाती लागता कामा नये. अख्खा शेंगदाणा पाच वर्षांच्या आतल्या मुलाला देऊ नये. चावायच्या दाढा आणि गिळायची सवय अजून पुरती झालेली नसते, दाणा श्वासनळीत जाऊ शकतो. हरभरे, फुटाणे, अख्खी द्राक्षं यांचंही तेच. दाणे द्यायचे तर बारीक कूट करून, पेजेत किंवा भाकरीच्या काल्यात. पहिल्यांदाच देत असाल तर चिमूटभर द्या आणि अंगावर काही उठतंय का, ओठ सुजतायत का ते बघा. तोडणीचं काम आटपलं की त्याच्या मुठी आणि तोंड तपासूनच उठा.

आता रताळी. हा आपल्या भागाचा मेवा. पावसाळ्यात वेल लावायचे आणि दसऱ्या-दिवाळीच्या सुमाराला काढायचे. उपासाला लागतात म्हणून नेमकी मागणीही तेव्हाच. तुम्हाला मी काय सांगणार! मुलासाठी कामं अशी काढा. अंगणात उन्हाला पसरट भांड्यात दोन बोटं पाणी आणि त्यात चार रताळी ठेवा. हातात नारळाच्या शेंडीचा मऊ चोथा द्या. लाल माती सुटून पाणी लाल होतं, खालून गुलाबी साल दिसायला लागते. त्याला वाटतं ती साल त्यानंच बाहेर काढली. तो भिजणार आहे, म्हणून आधीच अंगातला सदरा काढून ठेवा. पाणी थोडंच असलं तरी त्याला पाण्याजवळ एकटं सोडून आत जाऊ नका, आणि काम झालं की पाणी लगेच ओतून टाका.

रताळं चिरणं तुमच्याकडेच. चिरलेल्या तोंडाशी पांढरा चीक येतो, तो बोटांना चिकटून काळा पडतो. तुमच्या बोटांना खोबरेल लावून घ्या, चीक चिकटत नाही. वाफवून निवले की सोलायला त्याच्याकडे द्या. उकडलेल्या रताळ्याची साल बोटानं ढकलली तरी निघते, आणि सोलता सोलता तो निम्मं खातो. खाऊ दे.

उरलेल्याच्या घाऱ्या करा. मध्यम आकाराची दोन रताळी वाफवून कुस्करली की साधारण वाटीभर लगदा होतो. कुस्करायचं काम त्याचं, पसरट परातीत, मुठीनं. लगदा गरम असतानाच अर्धी वाटी चिरलेला गूळ घालायचा असतो. तेव्हा आधी तुम्ही गूळ मिसळून घ्या, पूर्ण निवू द्या आणि मग परात त्याच्यापुढे ठेवा. चिमूटभर मीठ, वेलची, चमचाभर तांदळाचं पीठ आणि मावेल तेवढी कणीक घाला. वाटी-सव्वा वाटी लागते, रताळ्यात पाणी किती आहे त्यावर कमी-जास्त. केळीच्या पानाला तेल लावून त्यावर लहानशा गोळ्या तळव्यानं थापायच्या. त्याच्या थापलेल्या वाकड्याच होणार. तळणीपासून त्याला लांब ठेवायचं म्हणून मी लहान मुलांबरोबर घाऱ्या तळत नाही, तव्यावर तूप सोडून मंद भाजते. मऊ होतात आणि दात नसलेल्यालाही चावता येतात. धाकटं, सहा महिन्यांपुढचं पण वर्षाच्या आतलं, कुणी घरात असेल तर त्याला नुसतं कुस्करलेलं रताळं द्या. गूळ नको, मीठ नको, मधही नको.

त्याची वाकडी घारी त्याच्याच ताटलीत वाढा आणि आई कामावरून आली की त्याला तिच्या हातावर ठेवू दे.

प्रश्न : आमचं मूल तीन वर्षांचं आहे, अंगणातल्या बिया आणि फळं गोळा करतं. त्याच्या डबीत बिट्ट्या सापडल्या. आम्ही लहानपणी खेळायचोच बिट्ट्यांनी. काळजीचं कारण आहे का? (एक वाचक, अनगोळ)

उत्तर : आहे. डबी आजच रिकामी करा. बिट्टी म्हणजे पिवळ्या कण्हेरीची बी. तिचा चीक, पान, बी सगळं विषारी आहे आणि हृदयावर परिणाम करतं. तुम्ही खेळलात तेव्हा तुमचं वय तोंडात न घालण्याचं होतं. तीन वर्षांच्या मुलाचं तसं नसतं. लाल-काळी गुंज, एरंडाची बी, धोतऱ्याचं काटेरी फळ आणि लाल-पांढरी कण्हेरही याच यादीत. आश्विनात यांतल्या कितीतरी बिया पिकून खाली पडलेल्या असतात, आणि दिसायला फार सुंदर असतात.

गोळा करण्याची हौस मात्र मोडू नका. पिंपळाची पानं, पिसं, गवताचे तुरे, शेवग्याची सुकलेली लांब शेंग, मोठे दगड, झेंडू हे सगळं त्याच्या डबीत चालेल. लहान बिया, मग त्या बिनविषारी असल्या तरी, नाकात आणि कानात जातात. म्हणून नियम असा ठेवा की त्याच्या स्वतःच्या मुठीत मावून दिसेनाशी होते ती वस्तू डबीत नाही. आणि कधी विषारी बी चघळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी काढायच्या नादी लागू नका, मीठ-पाणी पाजू नका. उरलेली बी किंवा फांदी बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठा.

प्रश्न : बाई, निपाणीहून लिहितोय. मोठा मुलगा नऊ वर्षांचा, धाकटा दोन. मोठ्याचा जीव दिवाळीच्या किल्ल्यात. गेल्या वर्षी धाकट्यानं बुरूज पाडला, रडारड झाली, शेवटी धाकट्याला खोलीत कोंडावं लागलं. यंदा काय करावं? (एक बाबा)

उत्तर : यंदा दोन किल्ले करा. मोठ्याचा किल्ला त्याचा. तो राजहंसगड करणार की पन्हाळा, तटाला किती बुरूज, मावळे कुठं उभे करायचे, यात धाकट्याला आणि तुम्हालाही मत नाही. त्याच्यापासून चांगला हातभर लांब, मधे पोतं किंवा पाट आडवा ठेवून, धाकट्याला स्वतःचा मातीचा ढीग द्या. तो ढीग पाडायचाच आहे, पुन्हा रचायचा आहे आणि पुन्हा पाडायचा आहे. दोन वर्षांच्या मुलाचं किल्ल्यातलं खरं काम ते.

माती कोणती घेता याला महत्त्व आहे. रस्त्याकडेची नको, त्यात काच आणि खिळे असतात. शेतातली, नाहीतर कुंभाराकडची घ्या. खानापूर कौलांसाठी आणि मातीच्या भांड्यांसाठी नावाजलेलं आहे ते तिथल्या मातीमुळेच. निपाणीतही कुंभाराकडे विचारलंत तर बुट्टीभर माती मिळेल. चाळणीनं माती चाळणं, पाणी आणून ओतणं, दोन्ही तळव्यांनी चिखल थापणं ही तीन कामं धाकट्याची. आणि चाळलेली माती मोठ्याला नेऊन द्यायची. म्हणजे तो दादाचा मजूर होतो. दादालाही मजूर हवाच असतो.

किल्ल्यावर हिरवळ उगवायचं खातं तर पूर्ण धाकट्याला द्या. अळीव घ्या. वाटीत चमचाभर अळीव भिजवलं की प्रत्येक दाण्याभोवती बुळबुळीत थर येतो. त्यात बोट फिरवायला मुलांना फार आवडतं. ते बोटानं ओल्या मातीवर नुसतं माखायचं, पुरायचं नाही. दोन-तीन दिवसांत मोड, आठवड्याभरात दाट हिरवं. म्हणजे वसुबारसेच्या पाच-सहा दिवस आधी पेरा. मोहरी किंवा नाचणीही चालते, तिला थोडे दिवस जास्त धरा. पाणी मगानं ओतलं तर सगळं वाहून खाली येतं. धाकट्याला वाटीत हात बुडवून झटकायला शिकवा. कोरडं अळीव मात्र त्याच्या हाती देऊ नका, नाकात घालेल.

पाडव्याला तुमच्याकडे दारात शेणाचे पांडव घालत असतील तर त्यातही त्याला बसवा. गोळा वळायचा आणि वर झेंडू खोचायचा, एवढंच. हाताला कापलेलं-खरचटलेलं नाही ना ते आधी बघा, नंतर साबणानं कोपरापर्यंत हात धुवा.

फटाक्यांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी लिहिते. दिवाळी संपताना किल्ल्यात फटाका पुरून तो उडवायची पोरांची जुनी खोड आहे. सुकलेली माती आणि खडे डोळ्याच्या उंचीला उडतात, आणि दोन वर्षांच्या मुलाचे डोळे नेमके त्या उंचीला असतात. यंदा किल्ला पाण्यानं विरघळवा. दोघांनाही तांब्या द्या. वरून पाणी ओतल्यावर आधी कोणता बुरूज ढासळतो हे बघायला मोठ्यालाही गंमत वाटेल. आणि त्या दिवशी धाकटा पाडणाराच असेल, त्याला कुणी रागावणार नाही.

आणखी एक. कोंडून घालू नका. दोन वर्षांच्या मुलाला आपण का कोंडले गेलो हे समजत नाही, फक्त बंद दार समजतं.

प्रश्न : माझं माहेर बेळगावचं मराठी, सासर गोकाककडचं कन्नड. मुलगी दोन वर्षांची. माहेरी हादगा आणि कोजागरी, सासरी शीगी हुण्णिमे, म्हणजे आश्विन पौर्णिमेची शेतातली भूमिपूजा. आई म्हणते हादगा शिकव, सासूबाई शेतात न्यायला बसल्यात. दोन्हीकडचं एकदम केलं तर मुलगी गोंधळेल का?

उत्तर : नाही गोंधळणार. सीमाभागातली मुलं दोन घरांत, दोन भाषांत वाढतात आणि कुणाशी काय बोलायचं ते माणसाचं तोंड बघून ठरवतात. आमच्या बालवाडीत मुलं एकमेकांशी मराठीत भांडायची आणि वळून मदतनीस बाईंकडे कन्नडमध्ये तक्रार करायची. तुम्ही तुमच्या भाषेत बोला, सासूबाईंना त्यांच्या भाषेत बोलू द्या. अधूनमधून अडखळेल, दोन्हीकडचे शब्द एका वाक्यात घालेल. ते आपोआप सुटतं.

आणि तुमचे दोन्ही सण दोन वर्षांच्या मुलीसाठी जणू मापून शिवले आहेत. सूर्य हस्त नक्षत्रात गेला की हादगा सुरू होतो, सप्टेंबरच्या शेवटी. पाटावर हत्ती काढतात. हत्तीची बाह्यरेषा खडूनं तुम्ही काढा आणि आत तांदूळ पसरायला तिला द्या. रेषेबाहेर जातील, जाऊ देत. भिंतीवरच्या हादग्याला फळांची-भाज्यांची माळ घालता ना? दोडका, कारलं, भेंडी, मिरची, पेरू हे सगळं आधी तिच्यापुढे टोपलीत ठेवा. मिरची तेवढी वगळा. कारल्याचे उंचवटे, दोडक्याच्या शिरा, भेंडीची लव यांवरून बोट फिरवू दे, वास घेऊ दे. सुई-दोरा तुमच्याकडे, पण “आता काय ओवू?” हे तिनं निवडून द्यायचं. फेरात तिला कडेवर घेऊ नका, हात धरून चालू दे. दोन फेऱ्यांत खाली बसेल. बसली तर बसू दे.

खिरापत ओळखायचा खेळ तर लहानग्यांना फार जमतो, फक्त तो कानानं खेळायचा. झाकलेला डबा तिच्या कानाशी हलवा. चिरमुरे वेगळे वाजतात, लाडू वेगळा गडगडतो, आणि शिरा वाजतच नाही. तीन डबे ठेवून पुन्हा पुन्हा हलवू दे. नाव सांगता आलं नाही तरी वाजणारा कोणता आणि न वाजणारा कोणता हे ती दाखवेल.

मग आश्विनी पौर्णिमा. शीगी हुण्णिमे त्याच दिवशी, आणि कोजागरीही त्याच रात्री. दिवसा सासूबाईंबरोबर शेतात जा. पीक पोटरीत आलेलं असतं, भूमीची पूजा करतात आणि भाकरी, कडबू, भाजी एकत्र करून चरग शेतात उधळतात. दोन वर्षांचं मूल सगळं फेकत असतं, चमचा, चप्पल, ताट, आणि दिवसभर “फेकू नको” ऐकत असतं. इथं वर्षातून एकदा घरातली सगळी माणसं तिला म्हणतात, फेक! सासूबाईंच्या ओंजळीतून तिच्या ओंजळीत घास येऊ दे आणि तिला तो पिकावर टाकू दे. सासूबाईंना सांगा की तिला पूजा नीट दिसेल अशा जागी बसवा. एवढं बोललात तरी तुमच्याबद्दलची त्यांची अर्धी शंका जाईल.

रात्री माहेरच्या पद्धतीनं दूध. त्यातले काजू-बदाम तिच्यापुरते पूड करून घाला. वाटीत चंद्र दिसेपर्यंत तिला जागवू नका. आठला झोपत असेल तर साडेसातलाच गच्चीवर जा. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळता मावळताच उगवतो, तेवढ्यात तो चांगला वर आलेला असतो.

प्रश्न : दिवाळीत रांगोळीच्या रंगांत मुलीला हात बुडवू दिले तर चालेल का? ती पावणेदोन वर्षांची आहे. आणि एका जागी ती किती वेळ बसायला हवी? शेजारची तासभर बसते. (एक वाचक, वडगाव)

उत्तर : रांगोळीचे बाजारचे रंग नकोत. भुकटी डोळ्यांत आणि श्वासात जाते, बोट तोंडात जातं, आणि त्या रंगात काय मिसळलं आहे ते पुडीवर लिहिलेलं नसतं. तांदळाच्या पिठाची पातळ पेज करून वाट्यांत वाटा. एका वाटीत हळद, एकीत बीटाचा रस, एकीत पालक वाटून गाळलेलं पाणी. फरशीवर जुनी चादर अंथरून त्यावर तळवे उमटवू द्या. हळदीच्या वाटीत चिमूटभर खायचा सोडा टाकलात तर पिवळ्याचं तांबडं होतं, ते तिच्यासमोर करा. पानाचा चुना वापरू नका, त्यानं कातडी आणि डोळे भाजतात. तुमच्याकडे वडगावात विणकरांच्या मागावरचे दोऱ्याचे तुकडे सहज मिळतात. ते बोटभर लांबीचे कापून त्या ओल्या पिठावर चिकटवायला द्या. लांब दोरा मात्र नको, बोटाला किंवा गळ्याला गुंडाळला जातो.

वेळेचं म्हणाल तर या वयात पाच-सात मिनिटं एकाच कामात गेली तरी ती चांगली गेली. उठून गेली की सामान तिथंच ठेवा, बहुतेक वेळा परत येते. शेजारच्या मुलीशी तुलना करू नका.

हळदीचे डाग पडतीलच. साबण लावला की डाग लाल होतो, तेव्हा घाबरू नका, सोड्यानं वाटीत होतं तेच तिथंही होतं. चांगलं खळबळून धुवा आणि चादर दिवसभर कडक उन्हात घाला. ऑक्टोबरच्या उन्हानं बराचसा डाग उडतो. राहिला तर पुन्हा ओली करून पुन्हा उन्हात.